फिरून फिरून संपलेला ‘सिंहगड’

राजापूरकडे एका जुन्या घराची कौलं उतरवण्याचं काम चाललं होतं. माळ्यावरून निघालेलं सगळं खळ्यात मांडलेलं: पितळी तपेली, पाय तुटलेला पाट, वाळवीने खाल्लेली एक फळी आणि एक गोल, चपटा, गंजलेला पत्र्याचा डबा. डब्याला उग्र वास येत होता, म्हणून घरातल्या काकींनी झाकण काढून तो चैत्राच्या उन्हात ठेवला होता, लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवतात तसा. आत तपकिरी भुकटी आणि मधोमध चिकटून दगड झालेली एक चकती. “आमच्या आजेसासऱ्यांचे भाऊ तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या तंबूवाल्यांकडे कामाला होते,” काकी म्हणाल्या. कौलं उतरवणाऱ्यांपैकी एकाने वाशावर बसल्या बसल्याच निकाल देऊन टाकला, “मग सिंहगड असणार तो!”

तो ‘सिंहगड’ डोक्यातून जाईना.

भुकटीवरून सिनेमाचं नाव कुणालाच सांगता येत नाही. त्या अवस्थेला पोचलेली फिल्म तानाजीची होती, कृष्णाची होती की कुठल्या गोऱ्या साहेबाच्या मारामारीची, हे सांगायला तिच्यावर काही उरलेलंच नसतं. तरीही वाशावरच्या माणसाला नेमकं तेच नाव का सुचावं? त्याने तो पाहिलेला नाही, त्याच्या बापाने पाहिलेला असण्याचा संभव नाही. शंभर वर्षांपूर्वीचा, आज हरवलेलाच धरला जाणारा एक मूकपट नुसत्या नावाने माणसांच्या तोंडी टिकून राहतो आणि त्याची फिल्म मात्र टिकत नाही, यात काहीतरी उलटं आहे. विचार करत गेलं की वाटतं, उलटं काहीच नाही. ज्या कारणाने नाव टिकलं, त्याच कारणाने फिल्म संपली.

बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३चा. कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी, मागे दामले आणि फत्तेलाल, आणि आधार हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. हरिभाऊ १९१९मध्येच गेले, त्यामुळे आपली कमलकुमारी पडद्यावर कशी दिसते हे पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पण तानाजीची गोष्ट कोकणाला कादंबरीने सांगितली असं कुणी म्हणू नये. उमरठं पोलादपूरजवळ, सावित्रीच्या खोऱ्यात. तानाजीची समाधी तिथे. कोंढाण्याची लढाई १६७०ची, आणि तुळशीदास शाहिराचा पोवाडा कादंबरीच्या कितीतरी आधीपासून गावोगाव फिरत होता. रायबाचं लग्न, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, कड्याला चिकटणारी घोरपड हे सगळं ऐकणाऱ्याला पाठ. हरिभाऊंनी त्याला कादंबरीचा घेर दिला, सती जायला निघालेल्या कमलकुमारीचं कथानक फुलवलं, उदयभानूला नुसता किल्लेदार न ठेवता खलनायक केला. म्हणजे तंबूत बसलेल्या माणसाला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक होती आणि अर्धी नवी होती. लोकप्रिय व्हायला याहून चांगली जोडणी दुसरी नाही.

कादंबरीचा मूकपट करताना पहिली अडचण येते ती बोलण्याची. हरिभाऊंची माणसं भरपूर बोलतात; मनातल्या मनातसुद्धा अर्धं अर्धं पान बोलतात. मूकपटात हे सगळं दृश्यांच्या मधे दाखवायच्या अक्षरपाटीवर येणार. पाटी वाचायला शब्दाला साधारण एक सेकंद द्यावा हा तेव्हाचा ठोकताळा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात आणि मूकपट साधारण सेकंदाला १६ चित्रं या गतीने चालायचा, म्हणजे एक शब्द, एक सेकंद, एक फूट. दीडशे शब्दांचं स्वगत जसंच्या तसं पाटीवर घातलं तर दीडशे फूट फिल्म, अडीच मिनिटं नुसती अक्षरं. त्यात पाट्या अनेकदा दोन-तीन भाषांत असायच्या, म्हणजे जागा आणखी कमी. तेव्हा कादंबरीतलं बोलणं कापून दहा-बारा शब्दांवर आणायचं आणि उरलेलं नटाच्या अंगावर टाकायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी पुढे बसून पाट्या मोठ्याने वाचायचा. हा वाचणारा चांगला असला तर कापलेलं सगळं परत घालायचा, आणि वर चार वाक्यं पदरची. रात्र रात्र दशावतार पाहणाऱ्या सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला यात नवल वाटलं नसेल. तिथेही संवाद लिहिलेले नसतात, कथानक तेवढं ठरलेलं असतं.

पडद्यावर काय दिसत असेल याचा अंदाज फिल्मच्या स्वभावावरून बांधता येतो. त्या काळची नेहमीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. निळ्याला ती फार लवकर भुलायची, हिरव्याला जरा कमी, लाल तिच्या लेखी काळा. त्यामुळे आकाश पांढरंफटक, कपाळावरचं कुंकू काळं, भगवा झेंडा गडद करडा. कोकणातल्या माणसाने आपल्या अंगणाचं चित्र त्या फिल्मवर काढलं असतं तर जांभ्याची भिंत आणि तांबडी वाट दोन्ही डांबरासारखी आली असती. चेहऱ्याच्या कातडीतला तांबूसपणाही तसाच काळवंडायचा, म्हणून नटांना पिवळट, फिका रंग फासून उभं करत. या सिनेमात शेलारमामा झाला होता शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. जन्म १९०१चा, म्हणजे विशी नुकती ओलांडलेला मुलगा ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या वेशात. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर चेहऱ्याची प्रत्येक रेघ जास्तच खोल उमटते, तेव्हा निम्मं म्हातारपण फिल्मनेच पुरवलं असेल. रात्रीच्या हल्ल्यासाठी पेंटरांनी कृत्रिम दिवे वापरले. त्या काळी आपल्याकडे चित्रण बहुतेक सूर्याच्या भरवशावर चालायचं, ते बघता हे धाडसच. मुंबईत या सिनेमाला झालेली गर्दी बघून सरकारला करमणूक कराची आठवण झाली, असंही सांगतात.

इथवरचं सगळं कौतुकाचं. आता त्या गर्दीने फिल्मचं काय केलं ते बघायला हवं.

सिनेमाची प्रत म्हणजे हजार फुटांचं एकेक रीळ. एका रिळाचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास, चित्रं सोळा हजार, चालतं साधारण पावणेसतरा मिनिटं. हाताने फिरवायच्या यंत्रात दांड्याच्या एका फेऱ्याला आठ चित्रं पुढे सरकतात, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. रीळ संपेपर्यंत दोन हजार फेरे होतात. फिरवणाऱ्याचा हात दुखू लागला की तानाजी हळू चालतो, आणि शेवटचा खेळ लवकर आटपायचा असला की उदयभानू पळत सुटतो. दर चित्राला फिल्म खिडकीपुढे क्षणभर थांबते आणि झटक्याने खाली ओढली जाते. ओढणारे दाते तिच्या कडेच्या भोकांत अडकतात. नवी प्रत ओलसर असते, तिचा जिलेटिनचा थर गरम खिडकीला चिकटून तिथे खरवड साचते, म्हणून कडांना हलकं मेण लावायची पद्धत होती. नाही लावलं की पहिल्याच आठवड्यात उभे ओरखडे. धूळ गेली की आणखी ओरखडे. मग पडद्यावर उन्हाळ्यातही पाऊस पडतो.

भोकांचे कोपरे फाटले की फिल्म तुटते. तुटली की जोडायची, आणि जोडायचं म्हणजे दोन्ही टोकं कापून सरळ करायची, एका टोकावरचा चित्राचा थर पात्याने खरवडून काढायचा, ॲसिटोनच्या जातीचा डिंक लावायचा, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबून धरायचं. थर नीट खरवडला नाही तर जोड दुसऱ्या दिवशी सुटतो. डिंक जास्त झाला तर जोड वाळून कडक होतो आणि शेजारीच नवी चीर पडते. प्रत्येक जोडात एखाददुसरं चित्र जातंच. तुटण्याची हौस सगळ्यात जास्त रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी, कारण यंत्रात घालताना-काढताना हात तिथेच लागतात. शिवाय घाईत उलगडलेली टोकं जमिनीवर लोळतात. म्हणून जुन्या सिनेमांच्या उरलेल्या तुकड्यांत रिळांची तोंडं आणि शेपट्या नेमक्या गायब असतात, आणि सिनेमाचं नाव असतं ते तोंडाशीच.

कुठलीही प्रत आधी मोठ्या शहरांत चालायची, मग लहान शहरांत, आणि अगदी शेवटी तंबूंत. कोकण त्या शेपटीच्या टोकाला. कोल्हापूरला रेल्वे १८९१पासून होती. खाली रत्नागिरीला उतरायचं तर आंबा घाट, राजापूर-खारेपाटणकडे यायचं तर गगनबावडा, सावंतवाडी-मालवणकडे फोंडा. मुंबईहून आलं तर आगबोट: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बहुतेक ठिकाणी बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, सामान सगळं पडावातून किनाऱ्याला. त्या सामानात फिल्मचे डबे असले तर खारं पाणी त्यांच्यावर उडणारच. पत्र्याच्या डब्याला खाऱ्या हवेत गंज धरायला एक मोसम पुष्कळ झाला. आणि हे सगळं दिवाळीपासून आगोटीपर्यंतच. पावसाळ्यात बोटी बंद, तंबू बंद. मेअखेरीस प्रत परत गेली तर गेली. राहिली तर ती जून ते सप्टेंबर कुणाच्या तरी माळ्यावर, ओलीत.

कोकणातल्या कित्येकांनी ‘सिंहगड’ पडद्यावर पाहिलाच नसेल, ऐकला असेल. गिरगावात, परळ-लालबागला खोली करून राहणारा चाकरमानी गणपतीला आला की पडवीत बसून सिनेमा सांगायचा, अगदी मारामारीच्या हातवाऱ्यांसकट. मूकपट सांगायला सोपा असतो. त्यात आवाज सांगणाऱ्यानेच घालायचा असतो. वाशावरच्या त्या माणसापर्यंत नाव पोचलं ते बहुधा याच वाटेने, तीन-चार पिढ्या तोंडातोंडी. या प्रतीला कधी ओरखडा पडत नाही, पण तिच्यात दर खेपेला भर मात्र पडते. शेलारमामा आता नव्वदीचा झाला असेल.

फिल्म ज्या पदार्थाची होती तो टिकण्यासाठी नव्हताच. नायट्रेट सेल्युलॉइड: कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला, आणि त्याला लवचीकपणा यावा म्हणून कापूर घातलेला. आपल्या देवघरातला तोच कापूर. तो हळूहळू उडून जातो आणि फिल्म आकसते, ठिसूळ होते. शेकडा एक इतकी जरी आकसली तरी यंत्राचे दाते आणि भोकं यांचा मेळ बसत नाही, आणि यंत्र तिला फाडत नेतं. दरम्यान नायट्रेट आतून सुटत असतं. त्यातून निघणारा वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळाला की नायट्रिक आम्ल होतं, ते आम्ल फिल्मला आणखी सोडवतं, त्यातून आणखी वायू. एकदा हे चाक फिरू लागलं की थांबवता येत नाही, फक्त थंडीने मंद करता येतं. गंजलेल्या लोखंडामुळे ते वेग घेतं. आणि डबा घट्ट बंद असेल तर वायू आतच कोंडतो. म्हणजे ‘हवा लागू नये’ म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोरी बांधून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय.

ऱ्हासाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी चित्र फिकं पडून फिल्म पिवळसर-तांबूस होते. मग थर चिकट होतो आणि एक वेढा दुसऱ्याला धरतो. मग मधासारखे थेंब आणि बुडबुडे येतात, वास नाकात चढतो. मग सगळं रीळ एकजीव होऊन त्यावर फेस येतो, आणि शेवटी तपकिरी भुकटी. पहिल्या दोन पायऱ्यांवर फिल्म बहुतेक वाचते, तिसरीवर काही भाग. चौथीवर गेलेलं परत येत नाही. मात्र एकाच डब्यात बाहेरचे वेढे पाचव्या पायरीवर आणि आतले दुसरीवर असं असू शकतं, त्यामुळे वरून बघून डबा फेकायचा नसतो.

ठेवायची कशी, तर आजच्या मापाने दोन अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड, आणि हवेत आर्द्रता वीस ते तीस टक्के. साधारण हिशोब असा की तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं की फिल्मचं आयुष्य दुप्पट होतं. आपल्या किनाऱ्यावर आषाढात आर्द्रता नव्वदीच्या घरात, भिंतींना बुरशी, फडताळातल्या चपलांनाही बुरशी. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं. आणि कौलांखालचा माळा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर सहज तापतो. सडू लागलेलं नायट्रेट एक्केचाळीस अंशांच्या आसपास बरेच दिवस राहिलं तर आपोआप पेटू शकतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पेटलं की विझत नाही; जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःच पुरवतं, पाण्याखालीसुद्धा. चैत्राच्या उन्हात ठेवलेल्या डब्यात सगळं आधीच भुकटी झालेलं होतं म्हणून ठीक, असंही म्हणवत नाही. भुकटीसुद्धा पेट घेते.

तरी हवामानाला सगळा दोष देणं हा आपल्याकडचा सोयीचा इतिहास आहे. हवामानाने ज्या मारल्या त्या उरलेल्या प्रती. बहुतेक त्याआधीच विकल्या गेल्या होत्या. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं. ते धुऊन चांदी काढायची आणि खालची पारदर्शक पट्टी बांगड्या-पर्सवाल्यांना द्यायची, असा रीतसर धंदा होता. बोलपट आले, १९३१मध्ये ‘आलम आरा’ आला, आणि मूकपटाची किंमत एका झटक्यात त्याच्यातल्या चांदीएवढी झाली. खुद्द ‘आलम आरा’चीही रिळं पुढे चांदीपायीच गेली, हे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत. १९३३मध्ये शांतारामबापूंनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ पुन्हा केला, या खेपेला आवाजासह. बोलणारा तानाजी आल्यावर मुक्या तानाजीसाठी कोण तंबू ठोकणार? कुणी दुष्टपणा केलेला नाही. धंद्याच्या हिशोबात तेव्हा ते बरोबरच होतं. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले. आज तुकड्यांसकट मोजले तरी तीसही भरत नाहीत.

वाचलेल्यांत एक आहे ‘मार्तंड वर्मा’, सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१च्या मल्याळम कादंबरीवरचा. तो का वाचला हे मोठं मजेशीर आहे. कादंबरीच्या प्रकाशकाने हक्काचा दावा लावला, खेळ बंद पडला आणि प्रत अडकून पडली. १९७४मध्ये ती संग्रहालयाच्या हाती आली. म्हणजे जो चाललाच नाही तो उरला. ‘सिंहगड’वर कुणी खटला भरला असता, पहिल्याच आठवड्यात जप्ती आणली असती, तर तो आज कदाचित आपल्याला बघायला मिळाला असता, पण मग तो वाशावरच्या माणसाला माहीत नसता. दोन्ही हवं असेल तर एकच मार्ग होता: चालवायच्या प्रती वेगळ्या आणि न चालवता जपायची एक वेगळी. ही चैन तेव्हा कुणाला परवडत नव्हती, आणि परवडत होती त्यांना सुचली नाही. पुण्यात संग्रहालय १९६४मध्ये निघालं. तोवर चार दशकं उलटली होती. आणि संग्रहालयात पोचलं म्हणजे सुटलं असंही नाही: जानेवारी २००३मध्ये पुण्यात, एकेकाळच्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात, नायट्रेटच्या गोदामाला आग लागून पुष्कळ जुन्या प्रती एका दिवसात गेल्या.

तरीही डबे सापडतात, आणि सापडल्यावर काय करायचं हे माहीत असलेलं बरं. पहिली गोष्ट, घाबरायच्या आधी रुंदी मोजा. सोळा मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची कधीच नव्हती; ती बाजारात आली तीच १९२३मध्ये, न पेटणारी म्हणून. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट, म्हणजे न पेटणाऱ्या जातीची, बहुधा तंबू टॉकीजच्या उत्तरकाळातली. पस्तीस मिलिमीटर असेल आणि कडेला दोन्हीकडे भोकं आणि मधली सगळी रुंदी चित्राने भरलेली, बाजूला ध्वनीची अरुंद पट्टी नाही, असं दिसलं तर मूकपट असण्याचा संभव. फिल्मच्या काठावर अक्षरं असतात. त्यांत ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल तर नायट्रेटच समजून चालावं. कोडॅकच्या फिल्मवर काठाला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यावरून ती कोणत्या साली बनली ते कळतं. फक्त तीच खूण वीस वर्षांनी परत येते, म्हणून एकट्या खुणेवर भरवसा नको. जाळून बघायची परीक्षा करू नये. ती परीक्षा शेवटची ठरते.

रीळ उलगडू नका. चिकटलेले वेढे ओढले की चित्राचा थर शेजारच्या वेढ्यावर निघून येतो. झाकण घट्ट लावू नका, नुसतं वर ठेवा. ऊन नको, चुलीजवळची जागा नको, गाडीच्या बंद डिकीत तर मुळीच नको. घरापासून जरा दूर, मांगरासारख्या सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी, जमिनीपासून उंच. हाताळताना सुती हातमोजे, नाकातोंडावर काहीतरी. डांबराच्या गोळ्या घालू नका. धूर दिसला तर पाणी घेऊन धावू नका, माणसं बाहेर काढा. तो धूर विषारी असतो. एसटीने, कुरियरने पाठवू नका, ते नियमातही बसत नाही. सेल्युलॉइडच्या साठ्यावर १९४८पासून वेगळे नियम आहेत. फोटो काढा, काठाचा जवळून एक, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. न्यायचं कसं ते तेच सांगतील.

खरं विचाराल तर कोकणात ‘सिंहगड’चं रीळ सापडेल यावर पैज लावण्यात अर्थ नाही. लावायचीच तर कागदावर लावावी. कागद ओलीत कुजतो, वाळवीला आवडतो, पण चांदीसाठी कुणी विकत घेत नाही. पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी आपल्या सिनेमांची भित्तिचित्रं आणि कथानकाच्या पुस्तिका काढल्या. त्यांच्याच ‘कल्याण खजिना’चं १९२४चं भित्तिचित्र आजही आहे. तंबूवाले गावात आले की हस्तपत्रकं वाटली जायची, आणि कोकणातला माणूस पाठकोरा कागद सहसा टाकत नाही. त्यावर वाण्याचा हिशोब, पत्रिकेची टिपणं, देवाच्या नवसाची यादी असं काहीबाही लिहून तो चोपडीत जातो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं. जुन्या गावांतली वाचनालयं, ‘बलवंत’सारख्या साप्ताहिकांच्या फायली, बंदरातल्या दलालांचे रोजमेळ यांत शोधणाऱ्याला हाती लागण्यासारखं पुष्कळ आहे. शोधताना १९२३ वर थांबू नये. शेपटीच्या टोकाला प्रत पोचायला वेळ लागतो, तेव्हा पुढची तीन-चार वर्षं, दिवाळी ते वैशाख या महिन्यांचे अंक आधी चाळावेत, आणि जत्रेच्या तारखांच्या आसपासचे दोनदा.

जाहिरात मिळाली तर नावापाशी थांबू नका, खालचा बारीक मजकूर वाचा. त्या काळच्या जाहिरातींत रिळांचा आकडा मोठ्या अभिमानाने छापायचे, आणि खेळांच्या वेळाही. रीळ हजार फुटांचं, सतरा मिनिटांचं. दोन खेळांमधलं अंतर आणि रिळं बदलायला लागणारा वेळ धरून खरोखर किती रिळं चालली याचा उलटा हिशोब मांडता येतो. मुंबईच्या जाहिरातीतला आकडा आणि वेंगुर्ल्याच्या जाहिरातीतला आकडा शेजारी ठेवला, की वाटेत किती फूट ‘सिंहगड’ गळाला ते निघेल. आकडे सारखेच असले तरी वेळा जुळतात का ते पाहावं; तंबूवाले जाहिरातीतलं रीळ कमी करत नसत, खेळातलं करत.